बोअर बंद केला, पण नळ्यांतल्या क्षाराचं काय?

ज्याच्या शेतात ड्रिप आहे त्याला अमायलॉइडोसिस सांगायला दोन मिनिटं लागतात. आपल्या मराठवाड्यात बोअरचं पाणी जड, बघता बघता ड्रिपरमधे पांढरा क्षार बसतो, मोटर चालू असते पण झाडाला थेंब नाही. ह्या आजाराच्या एएल प्रकारात बोअर म्हणजे बोन मॅरो, हाडातला मगज. तिथल्या प्लाझ्मा सेल, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, बिघडतात आणि लाइट चेन नावाचं प्रोटीन रक्तात सोडत राहतात, त्याची घडी चुकते आणि मग ते किडनी, हृदय, लिव्हर, आतडी, नसा, सापडेल तिथं धागे होऊन बसतं. ह्या धाग्यांना अमायलॉइड हे नाव फिर्खो ह्या जर्मन डॉक्टरनं १८५४ मधे दिलं, आयोडीन लावल्यावर स्टार्चसारखा रंग आला म्हणून. नंतर निघालं प्रोटीन, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमच्या परभणीच्या मामांचे पाय सुजायचे, लघवीला फेस यायचा, वर्षभर नुसत्या बीपीच्या नि सुजेच्या गोळ्या चालू. मामी प्रत्येक वेळी सांगायची की जेवताना ह्यांची जीभ चावली जाते, कडेला दातांचे वळ उठलेत, पण जीभ अशी मोठी होणं ही ह्याच आजाराची खूण असूनही ते कुणी फाइलीत लिहूनच घेतलं नाही. शेवटी किडनीची बायोप्सी झाली, काँगो रेड नावाचा रंग लावून पोलराइज्ड लाइटखाली बघितलं तर अमायलॉइडची हिरवी चमक दिसली.

मग ट्रान्सप्लांट हा शब्द आला आणि गल्लीत बातमी की मामांना दुसऱ्याचा मगज बसवणार. तसं काही नसतं हो. पेशंटच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, रक्तातून काढून गोठवतात, मग मेलफॅलन नावाच्या औषधाचा मोठा डोस देऊन बिघडलेल्या प्लाझ्मा सेल मारतात, त्यात चांगला मॅरोही जातो, म्हणून ठेवलेल्या सेल परत सोडतात. मायलोमात, म्हणजे प्लाझ्मा सेलच्या कॅन्सरात, हेच करतात. फरक एवढाच की मायलोमाच्या पेशंटचं हृदय बहुतेक वेळा धड असतं, इथं नळ्याच क्षारानं भरलेल्या.

त्यामुळं गडबड मेलफॅलनच्या आधीच सुरू होऊ शकते. स्टेम सेल रक्तात याव्यात म्हणून जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात, इतरांना त्यानं हाडं दुखतात, ह्या लोकांच्या अंगात पाणी साचतं, बीपी पडतं, हृदयाचे ठोके बिघडतात, काही पेशंट ह्याच टप्प्यावर दगावलेत. मामांचं चार दिवसांत साडेतीन किलो वजन वाढलं, मामी म्हणली, "खाल्लं तर काहीच नाही, मग वजन कशाचं?" पाण्याचं. म्हणून रोज सकाळी काटा.

गोठवलेल्या सेल सोडताना खोलीभर लसणासारखा वास सुटतो, तो डीएमएसओचा, सेल बर्फानं फुटू नयेत म्हणून घातलेला असतो. त्यानंही नाडी मंदावू शकते.

मेलफॅलन देताना मात्र मामांना बर्फ चघळायला दिला. मामांना वाटलं चेष्टा करतात की काय, पण थंडीनं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथं कमी पोचतं आणि तोंड कमी सोलवटतं. इतक्या महागड्या उपचारात हे गोळ्याच्या गाडीवरचं शहाणपण बघून मला लई भारी वाटलं.

तोंडाला बर्फ देता येतो, आतड्याला नाही. तिथल्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड असलं की त्या ठिसूळ होतात आणि वरून प्लेटलेट पडलेल्या, मग आतून रक्तस्राव. काहींच्या बाबतीत तर रक्त गोठवणारा फॅक्टर टेन ह्या धाग्यांनाच चिकटून कमी झालेला असतो. त्यात नसा खराब असल्या की उभं राहिल्याबरोबर बीपी खाली, बाथरूमला जाताना माणूस कोसळतो, आणि प्लेटलेट नसताना डोक्याला लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. पांढऱ्या पेशी शून्यावर असतानाचं इन्फेक्शन आणि किडनी बसून डायलिसिस लागणं, हे वेगळंच.

१९९० च्या दशकात काही ठिकाणी ह्या उपचारानंच शंभरातले वीसच्या वर पेशंट जायचे. आता अनुभवी सेंटरमधे पाचाच्या आत, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे डॉक्टर नाही म्हणायला शिकले. ट्रोपोनिन, एनटी-प्रोबीएनपी ह्या हृदयाची हालत सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या आणि बीपी बघून पाचातल्या साधारण एकालाच ट्रान्सप्लांटसाठी घेतात. बाकीच्यांना डाराटुमुमॅब, बोर्टेझोमिबसारखी औषधं असतात, म्हणून "नाही जमणार" ऐकून पैशासाठी टाळतात असं लगेच समजू नका. २००७ मधे छापून आलेल्या फ्रान्सच्या ट्रायलमधे तर ट्रान्सप्लांटवाल्यांपेक्षा साध्या मेलफॅलन-डेक्सामेथासोनवाले जास्त जगले होते, तेव्हाची पेशंटची निवड अशी कडक नव्हती हेही खरं.

मामांचं हृदय बरं होतं म्हणून निभावलं. तीन महिन्यांत लाइट चेन खाली आल्या, पाय मात्र तसेच सुजलेले, त्यावर मामा चिडले, एवढा खर्च करून काय उपयोग म्हणून. बोअर बंद झाला होता, नळ्यांतला क्षार शरीरच हळूहळू काढतं, त्याला महिने लागतात, कधी वर्षं. ॲसिड सोडून एका दिवसात ड्रिप धुवावं तसं इथं नाही. आता दीड वर्ष झालं, चप्पल पायात बसते. मामा रोज सकाळी काट्यावर उभे राहतात आणि मामी दुधाच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहिते.