शाळेतल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार : जबाबदारी मोठ्यांवर कशी आली

2012 पर्यंत लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी देशभर लागू असा वेगळा कायदाच नव्हता. शाळेतल्या शिक्षकाविरुद्ध किंवा शिपायाविरुद्ध तक्रार झालीच, तर भारतीय दंड संहितेतली 354 (विनयभंग), 376 (बलात्कार), 509 (अश्लील शब्द किंवा हावभाव) ही कलमं लागत. ती मोठ्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. मुलग्यावर अत्याचार झाला तर कलम 377 (अनैसर्गिक संभोग) पलीकडे हाताशी फारसं काही नसे. शाळेनं पोलिसांना कळवायलाच हवं, असं बंधनही नव्हतं. म्हणून बरीच प्रकरणं मुख्याध्यापकांच्या खोलीत सुरू होऊन तिथंच मिटायची. एक माफीनामा, एक बदली, आणि पुष्कळदा मुलीच्याच हातात शाळा सोडल्याचा दाखला.

गोव्यानं पहिलं पाऊल टाकलं. मडगावच्या एका बालगृहातल्या अत्याचारांच्या खटल्यात 1996 साली शिक्षा झाली, त्यानंतर 2003 मध्ये गोवा बाल कायदा आणि स्वतंत्र बाल न्यायालय आलं. 2007 मध्ये केंद्र सरकारनं 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं होतं. बहुतेकांनी तोवर कुणाकडेच तोंड उघडलं नव्हतं.

14 नोव्हेंबर 2012 रोजी पोक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, लागू झाला आणि तक्रारीचा भार मुलावरून उतरला. कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडेल अशी ज्याला भीती वाटली, त्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला सांगितलंच पाहिजे. पुरावा हाती असण्याची अट नाही. माहितीला नोंद क्रमांक द्यायचा, ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची. पोलिसांनी 24 तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, साध्या वेशातल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेनं कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे.

तरीही गाडी अडते ती एका वाक्यावर : ‘आधी आम्ही आमची चौकशी करतो.’ या चौकशीत मुलाला तेच चार-पाच जणांपुढे, कधी आरोपीसमोरही, पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतात आणि तोच फरक पुढे बचाव पक्षाच्या कामी येतो. दरम्यान सीसीटीव्हीचं जुनं चित्रण पुसलं जातं आणि कपडे धुतले जातात. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांनंतर मिळणं कठीण. कपडे न धुता, सावलीत वाळवून, कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते, बुरशी येते आणि नमुना हातचा जातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2 नोव्हेंबर 2022 रोजी स्पष्ट सांगितलं की, माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हाच आहे.

महाराष्ट्रानं 2017 मध्ये शाळांना तक्रारपेटीचे आदेश दिले, 10 मार्च 2022 रोजी सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेतल्या समितीचा, शासन निर्णय काढला. पण पेटी मुख्याध्यापकांच्या दारातच टांगलेली असेल, तर तिच्यात चिठ्ठी टाकणार कोण? आणि ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत ज्या मुलींवर अत्याचार झाला, त्या चार वर्षांच्या आसपासच्या होत्या. त्या वयाचं मूल लिहीत नाही. ते शाळेत जायला रडतं, शू करताना दुखतं म्हणतं. ते ऐकून पालक पोलिस ठाण्यात गेले, तर गुन्हा नोंदवायला सुमारे बारा तास गेले. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, दोनच दिवसांत उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. माहिती दडवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला.

21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी आणि 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं आलं. इथं मोठा गैरसमज होतो. शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिलं म्हणजे कलम 19 चं कर्तव्य संपत नाही. पोलिसांकडे लगेच जायचं, पत्र नंतर.

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यानं नकार दिला तर पोलिस अधीक्षकांकडे टपालानं लेखी तक्रार पाठवावी आणि टपालाची पावती जपून ठेवावी. 1098 या बाल मदत क्रमांकावर फोनही करता येतो.