शिक्षण म्हणजे नोकरी, हे नाशकात कसं ठरत गेलं

नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या १७ वर्षं आधीचं. तिथे वाचून कुणाला डिग्री मिळत नव्हती, तरी लोक वाचत होते. शिकणं आणि पगार यांची गाठ नंतर पक्की झाली. १८५४ च्या वूडच्या खलित्यात, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणाऱ्या इंग्रजांच्या पत्रात, तर सरळच होतं की शिकलेली माणसं सरकारी कामाला उपयोगी पडतील, आणि मग मॅट्रिक झाला की कारकून हे गणित घराघरात बसलं.

आपल्याकडे ते गणित बरीच वर्षं सुटतही होतं हो! नाशिकरोडला १९२५ ला सिक्युरिटी प्रेस, १९२८ ला नोटांचा छापखाना, मग ओझरला मिग विमानांचा कारखाना, एमआयडीसी आल्यावर सातपूर आणि अंबड. आयटीआयला फिटर नाहीतर टर्नर करायचं, अप्रेंटिस व्हायचं, कंपनीत परमनंट लागायचं, सिडकोत घर घ्यायचं. शेतकऱ्याच्या पोरांसाठी १९१४ पासून मविप्रने (मराठा विद्या प्रसारक समाज या संस्थेने) बोर्डिंगं, शाळा काढल्या त्याचं मोल फार मोठं आहे, एका पिढीत घरं बदलली, ते कुणी नाकारू नये.

खरी गडबड १९८३ नंतरची वाटते मला. वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, पुण्या-मुंबईबाहेरच्या पोरांना सीटा मिळाल्या हे चांगलंच झालं, पण खर्च आईबापांवर आला आणि लाखात फी भरली की ती वसूल व्हायलाच पाहिजे, म्हणून शिक्षणाचं माप प्लेसमेंट आणि पॅकेज एवढंच उरलं. त्यानंतर कारखान्यांत सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली, रोबोट आले, कंत्राटी भरती आली, माल वाढला पण माणसं त्या मानाने वाढली नाहीत. आता एआय ऑफिसातल्या कामालाही हात घालतंय. तरी पोरं अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसून मोजक्या जागांसाठी झिजतायत, हे बघवत नाही.

केन्स हा अर्थतज्ज्ञ १९३० मध्येच म्हणाला होता की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल, आणि मोकळ्या वेळात नीट जगायचं कसं हाच मोठा प्रश्न होईल. त्या भाकिताची मुदत २०३० ला संपते. मोकळा वेळ बऱ्याच जणांना मिळतोय, पण बेकारी म्हणून, खिसा रिकामा ठेवून. त्यामुळे पोटापाण्याची सोय सरकारने कशी लावायची हा वेगळा आणि आधीचा प्रश्न आहे, तो शाळेच्या गळ्यात घालून चालणार नाही.

शाळेने काय करायचं याची एक खूण गंगापूर धरणाजवळच आहे. १९८९ मध्ये मुक्त विद्यापीठ निघालं, ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. शाळा सुटलेल्या बाया, कामगार, शेतकरी कुठल्याही वयात शिकू शकतील ही कल्पना तीच, १८४० च्या वाचनालयाची. आपण मात्र त्यालाही 'बाहेरून डिग्री काढायची सोय' एवढंच करून ठेवलंय.