दहा मायक्रोसेकंदांनंतर काय उरतं?

जमिनीतलं सोनं लांबूनच दाखवणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती सध्या फार फिरतात. दोन काड्या हातात धरायच्या, त्या सोन्याकडे वळतात, असा दावा असतो. धातू खरोखर कसा शोधला जातो हे समजून घ्यायचं असेल, तर घरी पल्स इंडक्शन डिटेक्टर (कॉइलमधून विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारं यंत्र) बनवून पाहावा.

सामान मोजकंच आहे. वीस सेंटिमीटर व्यासाची, साधारण 26 वेढ्यांची कॉइल (सुमारे 300 मायक्रोहेन्री), 12 व्होल्टची बॅटरी, टायमिंगसाठी 555 आयसी, 400 व्होल्ट सोसणारा मॉसफेट (झटपट चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), क्षीण संदेश मोठा करणारा एक ऑप-अँप आणि बझर. मॉसफेट सेकंदाला काहीशे वेळा कॉइल चालू करतो, दर वेळी फक्त 100 मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रवाह अडीच-तीन अँपिअरपर्यंत चढतो आणि मग एकदम तोडला जातो. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि दहावीला शिकलेल्या प्रवर्तनाच्या नियमाप्रमाणे जवळच्या धातूत गोल फिरणारे एडी करंट उमटतात. ते विरताना स्वतःचं क्षीण क्षेत्र मागे सोडतात. आपल्याला पकडायचं आहे ते हेच.

अडचण अशी, की बारा व्होल्टवर चालणारी कॉइल तोडताक्षणी 400 व्होल्टची उसळी मारते (तिथे हात लावू नका), आणि धातूचा संदेश असतो काही मायक्रोव्होल्टचा. म्हणजे दहा मायक्रोसेकंदांत कॉइलचा स्वतःचा व्होल्टेज कोट्यवधी पटींनी उतरायला हवा. हे काम कॉइलला समांतर जोडलेला एक साधा रेझिस्टर करतो. त्याचा रोध जास्त झाला, तर कॉइल आणि तिच्या वेढ्यांमधली धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून थरथरत राहतात; कमी झाला, तर उतार रेंगाळतो. बरोबर रोध √(L/C) च्या निम्मा; L म्हणजे कॉइलचे ते 300 मायक्रोहेन्री, C म्हणजे ही धारिता. धारिता 200 पिकोफॅरड धरली, तर सुमारे 600 ओहम. म्हणूनच इनॅमलच्या तारेपेक्षा जाड प्लास्टिक आवरणाची तार बरी: वेढे एकमेकांपासून दूर राहतात, धारिता घटते आणि धातूचा संदेश लवकर ऐकायला, म्हणजे मोजायला, सुरुवात करता येते. ऑसिलोस्कोपच्या (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर व्होल्टेजची रेषा शून्यावर स्वच्छ टेकताना पाहणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सुंदर क्षण आहे.

लवकर ऐकायचं, कारण प्रत्येक वस्तूतला प्रवाह आपापल्या वेगाने विरतो. तांब्याच्या जाड भांड्यात तो शेकडो मायक्रोसेकंद टिकतो. चमकीएवढ्या सोन्यात तो काही मायक्रोसेकंदांतच संपतो, म्हणजे आपण ऐकायला लागण्याआधीच. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातलाही तसाच लवकर संपतो. किनाऱ्यावर ही पद्धत चालते ती त्यामुळेच. लोखंडी खिळा मात्र हमखास वाजतो. धातू कोणता, हे हे यंत्र सहसा सांगू शकत नाही.

आणि अंतर? कॉइलपासून दूर जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, परतीच्या वाटेवर पुन्हा तेवढंच. अंतर दुप्पट झालं की संदेश 64 पट क्षीण. घरगुती यंत्राला नाणं वीत-दीड वितीवर लागलं तरी पुष्कळ. ‘लाँग रेंज’वाल्यांचा दावा इथेच मोडतो. अशाच काडीवर चालणारे बनावट बॉम्बशोधक इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या काडीच्या भरवशावर नाक्यांवरून गाड्या सोडल्या जात होत्या. आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाने होणाऱ्या अघोरी प्रकारांवर त्याच वर्षी कायदा करावा लागला.

कॉइल हलवली की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळेही थोडा व्होल्टेज येतो. त्यासाठी शंभरेक मायक्रोसेकंदांनी, धातूचा संदेश बराचसा विरल्यावर, दुसरं मोजमाप घेऊन पहिल्यातून वजा करतात. सर्किट जोडताना हा भाग शेवटी घ्या. आधी रेझिस्टर जमवा.