कॅरोल कानभर, वाचन अर्धंमुर्धं

नाताळात पुण्याच्या कॅम्पातल्या एखाद्या जुन्या दगडी चर्चमध्ये कॅरोल, म्हणजे नाताळची गाणी, ऐकायला गेलात, तर क्वायर (गायकवृंद) गाऊ लागताच सगळं देऊळ भरून जातं. मग कुणीतरी शास्त्रवाचनाला, म्हणजे बायबलमधला उतारा वाचायला, उभं राहतं आणि मागच्या बाकांवर निम्मे शब्द पोचतच नाहीत. लोक माइकवाल्याकडे रागाने बघतात. त्या बिचाऱ्याचा फारसा दोष नसतो. ज्या भिंतींमुळे गाणं गोड लागतं, त्याच वाचनाची वाट लावतात.

दगड, फरशी, काच आवाज फारसा शोषत नाहीत, परतवत राहतात. आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. बोलणं स्वच्छ कळायला तो सेकंदभर किंवा त्याहून कमी हवा. क्वायरला दोन-अडीच सेकंद असला तर बहार येते. तीस गळे कधीच तंतोतंत एका सुरात लागत नाहीत, पण ते किंचित फरक निनादात मिसळतात आणि कानाला एकच रुंद आवाज ऐकू येतो.

वाचनाचं उलटं होतं. नऊ वाचनं आणि कॅरोल ही पद्धत इंग्लंडात ट्रुरो इथे १८८० साली सुरू झाली. तिच्यातलं शेवटचं वाचन योहानाचं: ‘प्रारंभी शब्द होता’. सेकंदाला पाच अक्षरं धरली, तर दोन सेकंदांच्या निनादात आधीची दहाएक अक्षरं अजून घुमत असतात. ‘रं’मधला स्वर जोरकस, ‘भी’तला भ दुबळा, तो त्याखाली दबतो. पूर्वी एकाच सुरावर, सावकाश वाचत, ते यावर चांगलाच उतारा होतं. मागचं अक्षर घुमत राहिलं तरी निदान सुरात तरी घुमतं!

कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च १८२५चं. निनादाचं गणित मांडणारे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन तेव्हा जन्मलेही नव्हते. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात काहीच कळत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे १८९५ साली आली. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या, आवाज शोषणाऱ्या गाद्या रात्री आणून मांडायच्या, घुमणं मोजायचं आणि सकाळच्या आत परत ठेवायच्या, असा उद्योग त्यांनी केला. त्यातून सूत्र निघालं: घनमीटरमधल्या आकारमानाला ०.१६१ने गुणा आणि एकूण शोषणाने भागा.

समजा, चर्च ५,००० घनमीटरचं आहे आणि रिकामं असताना त्याचं शोषण २०० चौरस मीटर आहे, म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीतून जाईल इतका आवाज ते गिळतं. निनादकाल चार सेकंद. आता तीनशे माणसं आली. कपड्यांतला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. डिसेंबरात स्वेटर, शाल आणि पुणेरी कानटोपी धरून थोडा जास्तच. निनादकाल सव्वादोनवर येतो. म्हणून रिकाम्या चर्चमध्ये तालीम केलेली क्वायर कार्यक्रमाच्या दिवशी ‘आज आवाज कोरडा लागतोय’ म्हणून कुरकुरते.

बसायचं कुठे? घुमणारा आवाज सगळीकडे जवळपास सारखाच असतो, पण वाचणाऱ्याचा थेट आवाज अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलने उतरतो. शब्द हवे असतील तर पुढे बसा, नुसती कॅरोल हवी असतील तर मागे. पुढच्या रांगा अर्थात क्वायरमधल्या मुलांच्या आईबाबांनी मोबाइल घेऊन आधीच धरलेल्या असतात.