मिश्रमार्गी सायकल

मिश्रमार्गी सायकल : डांबरी किंवा काँक्रीटचा पक्का रस्ता आणि खडी, मुरूम, माती, रानवाट असा कच्चा मार्ग एकाच फेरीत पार करता यावा, या बेताने निवडलेली व जुळवलेली सायकल. ही सायकलींची एखादी ठरावीक जात नव्हे. ग्रॅव्हल बाइक (खडीच्या रस्त्यांसाठीची), सायक्लोक्रॉस (शेत-चिखलातल्या शर्यतींची), हायब्रिड (रस्त्याची सायकल व माउंटन बाइक यांचा मेळ), रुंद टायरची भ्रमण-सायकल आणि बिनस्प्रिंगच्या ताठ चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या दुपाखी भागाची) माउंटन बाइक हे सारे प्रकार या नावाखाली येऊ शकतात. विक्रेत्याच्या यादीतले नाव आणि सायकलीचे प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसतोच असे नाही. म्हणून प्रस्तुत नोंदीत नावांपेक्षा मापांवर भर दिला आहे, आणि त्यातही टायरच्या मापावर. गिअर, हँडल, सीट हे सारे पुढे बदलता येते; फ्रेम आणि चिमट्यात टायरसाठी सोडलेली जागा मात्र जन्मतः ठरलेली असते.

उगम : आरंभीच्या काळात प्रत्येक सायकल मिश्रमार्गीच होती, कारण गुळगुळीत रस्ते फारसे नव्हतेच. जॉन केम्प स्टार्ली याची ‘रोव्हर’ (१८८५) ही आजच्या घडणीची सायकल आणि जॉन बॉइड डनलॉपचा हवेचा टायर (१८८८) एकापाठोपाठ आले. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ मध्येच घेतले होते. परंतु तेव्हा ते घोडागाडीच्या चाकांसाठी होते आणि विस्मरणात गेले. या नव्या वाहनाची खडतर वाटेवरची क्षमता अमेरिकी लष्कराच्या २५ व्या पायदळ रेजिमेंटने १८९७ मध्ये अजमावली. लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखाली सुमारे वीस कृष्णवर्णी सैनिकांनी मॉन्टानातील मिझूलापासून सेंट लुइसपर्यंत सुमारे १,९०० मैल (जवळपास ३,००० किमी.) अंतर सायकलींवर कापले.

पुढे रस्ते सुधारले, शर्यती वेगवान झाल्या आणि शर्यतीची सायकल अरुंद, कडक टायरकडे झुकली. तिच्यापासून फुटलेल्या प्रवाहाचा उगम नेमका कुठला याविषयी एकमत नाही. फ्रान्समध्ये सँतेत्येनच्या डोंगराळ परिसरात ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) रुंद टायर आणि बदलत्या गिअरांचा आग्रह धरीत होता. त्याच्या विचाराचे भ्रमणप्रेमी घाटांत गिअर वापरत असताना तूर द फ्रान्समध्ये डिरेलियरला (चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला) परवानगी मिळायला मात्र १९३७ साल उजाडावे लागले. सायक्लोक्रॉसचे श्रेय बहुधा दान्येल गूसो या फ्रेंच सैनिकाला दिले जाते. फ्रान्समधील पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये त्याच्या पुढाकाराने झाली. हिवाळ्यात अंगात ऊब राहावी म्हणून सायकलपटू शेतांतून, कुंपणे ओलांडून गावोगाव शर्यती लावीत, ही कथा त्याच्याही आधीची मानली जाते. ती विश्वसनीय वाटते, पण कथा म्हणूनच घ्यावी. या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये पॅरिस येथे झाली आणि ती झां रोबीक याने जिंकली.

माउंटन बाइकच्या जन्माचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. पॅरिसच्या परिसरातील एका तरुण मंडळाने १९५१ ते १९५६ या काळात ६५०बी या मापाच्या (पाहा : चाकांची मापे) चाकांच्या सायकलींत फेरबदल करून त्या मातीत पळवल्या. कॅलिफोर्नियात जॉन फिन्ली स्कॉट याने १९५३ मध्ये रानवाटेसाठी आपली सायकल जुळवून घेतली. इंग्लंडमध्ये कच्च्या वाटांवर सायकल नेणाऱ्यांची ‘रफ स्टफ फेलोशिप’ १९५५ मध्ये स्थापन झाली. तिच्या सभासदांची वाहने मात्र बहुतेक साध्या भ्रमण-सायकली होत्या. मॅरिन काउंटीतील (कॅलिफोर्निया) उतारावरची ‘रीपॅक’ शर्यत १९७६ मध्ये सुरू झाली, ती जुन्या जाडजूड सायकलींवर. जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली ही या वर्तुळातील ठळक नावे होत. यांतला ‘पहिला’ कोण हा प्रश्न फारसा फलदायी नाही. आधीचे प्रयत्न स्वतंत्र होते आणि आपापल्या जागी विरले. उद्योग उभा राहिला तो मॅरिनमधून, असे म्हणणे अधिक सुरक्षित. रस्त्याच्या सायकलीचे खाली वळलेले हँडल आणि मातीतले टायर यांचा संयोगही वाटतो तितका नवा नाही. जॉन टोमॅक १९९० च्या हंगामात माउंटन बाइकच्या शर्यतींत असेच हँडल वापरत होता.

‘ग्रॅव्हल’ हा शब्द रूढ झाला तो अमेरिकेच्या मध्य भागातील खडीच्या रस्त्यांवरून. कॅन्झस राज्यात एम्पोरिया येथे २००६ पासून होणारी सुमारे २०० मैलांची शर्यत (आजचे नाव ‘अनबाउंड’) या प्रकाराच्या प्रसाराला कारणीभूत ठरली. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाची पहिली ग्रॅव्हल जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीतील व्हेनेतो प्रांतात भरली.

चाकांची मापे : मिश्रमार्गी सायकल निवडताना सर्वाधिक घोटाळा होतो तो येथे, आणि त्याचे मूळ जुन्या फ्रेंच नामकरणात आहे. त्या पद्धतीत ७०० किंवा ६५० हा आकडा टायरसह चाकाचा बाहेरचा व्यास (मिमी.) दाखवी आणि पुढचे ए, बी, सी हे अक्षर टायरची जाडी. ए सर्वांत बारीक, सी सर्वांत जाड. बाहेरचा व्यास तोच ठेवून टायर जाड करायचा तर रिम लहान करावी लागणार. म्हणून ७००ए, ७००बी आणि ७००सी यांच्या रिमवर टायरची कड बसते तो व्यास अनुक्रमे ६४२, ६३५ आणि ६२२ मिमी. असा उतरता आहे. कालांतराने ७००सीच्या रिमवर बारीक टायर चढू लागले आणि नावातला ७०० हा आकडा निरर्थक झाला, २५ मिमी. टायर असलेल्या चाकाचा व्यास ६७२ मिमी.च्या आसपास भरतो. गंमत अशी की, आजच्या ग्रॅव्हल सायकलीचा ४० मिमी. टायर त्याच रिमवर चढवला की ६२२ + ८० = ७०२, म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचे नाव पुन्हा जवळजवळ खरे ठरते.

इंचांतली मापे याहून फसवी आहेत. माउंटन बाइकचे ‘२९ इंची’ चाक आणि रस्त्याच्या सायकलीचे ७००सी यांची रिम एकाच व्यासाची, ६२२ मिमी., आहे, फरक टायरच्या जाडीचा. ‘२७.५ इंची’ म्हणजे जुने ६५०बी (५८४ मिमी.). याउलट ‘२८ इंची’ या नावाखाली ६२२ आणि ६३५ अशा दोन वेगळ्या रिमा खपतात व एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. माउंटन बाइकचे मूळचे २६ इंची चाक (५५९ मिमी.) हे अमेरिकेत १९३३ पासून श्विन कंपनीने रूढ केलेल्या फुगीर टायरांचे माप, रीपॅकवाल्यांच्या जुन्या सायकलींना तेच होते म्हणून ते पुढे दोन-तीन दशके टिकले, त्यामागे तांत्रिक विचार फारसा नव्हता. या साऱ्यावर उतारा म्हणजे आयएसओ ५७७५ या मानकाची पद्धत : आधी टायरची रुंदी, मग रिमचा व्यास. ४०-६२२, ४७-५८४ असे आकडे टायरच्या बाजूवर उमटवलेले असतात आणि खरेदीच्या वेळी फक्त तेच वाचावेत.

या आकड्यांवरून एक उपयुक्त हिशेब निघतो. ४७-५८४ या चाकाचा बाहेरचा व्यास ५८४ + ९४ = ६७८ मिमी. आणि २८-६२२ चाही ६२२ + ५६ = ६७८ मिमी. म्हणजे बारीक टायरच्या सायकलीला लहान रिम व जाड टायर लावला तरी तिची उंची व वळण्याचा स्वभाव फारसा बदलत नाही, मात्र फ्रेममध्ये तेवढी रुंदी मावली पाहिजे. ४०-६२२ काढून ४७-५८४ बसवल्यास मात्र त्रिज्या १२ मिमी.ने घटते, पेडल तेवढे जमिनीलगत येते आणि दगडाला लागू शकते. अशी अदलाबदल डिस्क ब्रेकमुळेच सोपी झाली. तबकडी हबला (चाकाच्या मध्यभागी) असल्याने रिमच्या व्यासाशी ब्रेकचा संबंध उरत नाही. रिमवर दाबणाऱ्या ब्रेकला ही मोकळीक नाही.

टायरची रुंदी व हवा : बहुतांश पक्का रस्ता आणि मधूनमधून घट्ट माती असेल तर ३२ ते ३५ मिमी., दोन्ही निम्मेनिम असतील तर ३८ ते ४५ मिमी. आणि सुटे दगड, मुळे, वाळू यांचे प्रमाण मोठे असेल तर ५० मिमी. किंवा अधिक, असा ढोबळ संकेत आहे. सायक्लोक्रॉसच्या सायकली घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की त्या स्पर्धांत टायरच्या रुंदीवर ३३ मिमी.ची मर्यादा असल्याने जुन्या सायक्लोक्रॉस फ्रेममध्ये याहून फारसा रुंद टायर मावत नाही. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये प्रत्येक बाजूस ४ ते ६ मिमी. मोकळे राहावेत, चिखल साचतो तेथे त्याहून जास्त. छापील रुंदीवर भिस्त ठेवू नये, कारण तोच टायर रुंद रिमवर दोन-तीन मिलिमीटर अधिक फुगतो.

टायरच्या आवरणावरचा ताण हा दाब आणि टायरची जाडी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. म्हणून जाड टायर कमी दाबातही तितकाच ताठ लागतो आणि बारीक टायरचा दाब त्यात भरणे व्यर्थ किंवा घातक ठरते. टायर जितका कडक तितका वेग जास्त, ही समजूत दीर्घकाळ निर्विवाद होती. तिचा आधार गुळगुळीत पोलादी पिंपावर चाक फिरवून केलेली मोजमापे. त्या पिंपावर स्वार नसतो. खडबडीत पृष्ठभागावर कडक टायर उसळतो आणि ती उसळी स्वाराच्या शरीरात जिरताना शक्ती वाया जाते. २००० नंतरच्या दशकात रस्त्यावरच्या चाचण्यांतून ही बाब पुढे आली आणि आज तीच भूमिका अधिक ग्राह्य मानली जाते. फ्रँक बर्टो याच्या मोजमापांवरून प्रचलित झालेला नियम असा की स्वार बसल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्के दबावी. हा नियम प्रारंभबिंदू म्हणून ठीक आहे, अंतिम शब्द नव्हे. ७५ किग्रॅ. वजनाच्या स्वाराला ४० मिमी.च्या ट्यूबलेस टायरमध्ये मागे २.३ ते २.७ बार (साधारण ३३ ते ३९ पीएसआय) आणि पुढे त्याहून ०.१ ते ०.२ बार कमी ठेवून सुरुवात करता येते. रिमला दगड आदळत असेल तर वाढवावा, हात बधिर होत असतील तर घटवावा. कड नसलेल्या (हूकलेस) रिमवर ५ बारची कमाल मर्यादा मानकानेच घातलेली आहे.

ट्यूबलेस रचना सायकलींत माव्हिक कंपनीच्या १९९९ च्या यूएसटी पद्धतीपासून स्थिरावली. ट्यूब नसल्याने दगड आणि रिम यांच्यात ती चिमटून पंक्चर होण्याचा प्रश्न उरत नाही आणि दाब निर्धास्तपणे कमी ठेवता येतो. आतले सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) काही महिन्यांत सुकते व पुन्हा घालावे लागते. मोठी चीर त्याने बुजत नाही. म्हणून एक ट्यूब सोबत लागतेच. टायरच्या नक्षीबाबत पक्क्या रस्त्यासाठी मध्यभाग सपाट आणि मातीतल्या वळणासाठी कडांना गुटके, ही तडजोड सर्वत्र आढळते. नक्षीपेक्षा आवरणाचा लवचीकपणा वेगावर जास्त परिणाम करतो.

गिअर : पुढे एकच चेनव्हील (पेडलांजवळचे दातेरी चक्र) असावे की दोन, यावर मतभेद आहेत. पुढे ४० दाती आणि मागे ११–४२ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) घेतल्यास सर्वांत हलके गुणोत्तर ०.९५ आणि सर्वांत जड ३.६४ येते, पुढे ४६/३० आणि मागे ११–३४ घेतल्यास ०.८८ ते ४.१८. दुसऱ्या जोडणीचा पल्ला मोठा आहे आणि लगतच्या गिअरांतली उडीही लहान, जी सपाट रस्त्यावर जाणवते. पहिलीत बिघडण्याजोगे भाग कमी. आळीपाळीने अरुंद-रुंद दात असलेले चेनव्हील आणि क्लचचा (चेन ताणून धरणारा) डिरेलियर यांमुळे चेन उतरणेही विरळ झाले. दोन्हीकडे निवडीचा खरा कस खालच्या टोकाला लागतो. कच्च्या चढावर उभे राहून पेडल मारले की मागचे चाक घसरते, म्हणून बसूनच चढता येईल इतका हलका गिअर हवा. चाकाचा परीघ २.२ मी. धरल्यास ०.८८ या गुणोत्तरात मिनिटाला ६० फेऱ्यांनी वेग ताशी सुमारे ७ किमी. पडतो. सामान लादलेल्या सायकलीला खड्या चढावर तोही जास्त होतो.

फ्रेम व बैठक : हँडलच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन रस्त्याच्या सायकलीत ७३ अंशांच्या आसपास, ग्रॅव्हल सायकलीत बहुधा ७० ते ७२ आणि आधुनिक माउंटन बाइकमध्ये त्याहून बराच कमी असतो. कोन जितका पडका तितकी सायकल उतारावर स्थिर आणि सपाटीवर सुस्त. फ्रेमच्या धातूवरून जे दावे केले जातात त्यांतला बराचसा परिणाम टायरच्या हवेने झाकला जातो. पुढच्या चिमट्यातली ३० ते ४० मिमी.ची लहान स्प्रिंगव्यवस्था हातांना आराम देते, पण तिचे वजन आणि देखभाल पक्क्या रस्त्यावरही सोबत राहते.

सीटची उंची गुडघ्याच्या कोनावरून ठरवतात : पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. कच्च्या मार्गाचा वाटा मोठा असल्यास ती ५ ते १० मिमी. खाली घेण्याचा प्रघात आहे, त्यामुळे शरीराला सायकलीवर हलायला वाव मिळतो. हँडल रस्त्याच्या सायकलीपेक्षा थोडे उंच व रुंद ठेवतात. खालच्या वळणाची टोके बाहेर फाकलेली असली की उतारावर पकड भक्कम राहते.

बूट पेडलात अडकवण्याच्या पद्धतींत दोन स्क्रूची पद्धत (शिमानोची एसपीडी, १९९०) येथे सोयीची ठरते. तिचा धातूचा तुकडा बुटाच्या तळव्यात खोल बसतो, त्यामुळे जेथे सायकल उचलून चालावे लागते तेथे पाय घसरत नाही. लूक कंपनीच्या १९८४ च्या पेडलापासून आलेली रस्त्याची तीन स्क्रूची पद्धत चालण्यास गैरसोयीची असून तिच्यात माती अडकते. सपाट पेडल आणि खरखरीत तळव्याचे बूट वापरणारेही पुष्कळ आहेत.