दुर्मीळ मराठी पुस्तके आणि त्यांची मागणी

दुर्मीळ मराठी पुस्तके : आवृत्ती संपून पुन्हा न छापलेली, जुन्या बाजारातही सहसा हाती न लागणारी मराठी पुस्तके, पुस्तिका व नियतकालिके. संग्राहक, अभ्यासक आणि हौशी वाचक यांच्याकडून त्यांना मागणी असते. जुने ते सगळे दुर्मीळ, असा सर्वसाधारण समज आहे. मराठीपुरता तरी तो अर्धाच खरा. शंभर वर्षांपूर्वीची एखादी पोथी रद्दीत सहज सापडते आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची रहस्यकथा शोधूनही मिळत नाही.

प्रतिष्ठेच्या दृष्टीने पहिला मान दोलामुद्रितांचा. मुद्रणकला पाळण्यात असतानाची, मराठीत १८६७ पर्यंतची छापील पुस्तके या नावाने ओळखली जातात. मिशनरी विल्यम कॅरीचे बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलेले मराठी व्याकरण (१८०५) आणि मोडी टाइपातला कोश (१८१०), शिळाप्रेसवर (दगडावर मजकूर उतरवून) छापलेल्या पोथ्या, मिशनच्या पुस्तिका, सरकारी शालेय पुस्तके हे सारे त्यात येते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी ही पुस्तके जपली आहेत. खासगी हातांत ती थोडी आहेत आणि विक्रीला क्वचितच येतात. कोणते पुस्तक कधी व कुठे निघाले हे ताडून पाहायला शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची (१९४३) अजूनही हाताशी लागते. काही पुस्तकांना मागणी असून उपयोग नाही. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा रोमी लिपीत छापले गेले; त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाही.

१८६७ हे साल आले ते मुद्रणालये व पुस्तकनोंदणीच्या कायद्यामुळे. त्यानंतरच्या पुष्कळ पुस्तकांवर ‘सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे’ नोंदणी करून सर्व हक्क स्वाधीन ठेवल्याची ओळ असते. ती दिसली की पुस्तक दोलामुद्रित नाही हे आत न पाहताच कळते. मुखपृष्ठ गेलेल्या प्रतीचा काळ ठरवताना जाणकार आधी आतले शीर्षकपान पाहतात : छापखान्याचे नाव, आण्यांतली किंमत, शक. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून शके १७७९ म्हणजे १८५७. मात्र पुस्तक जानेवारी ते मार्चमधले असेल तर ७९ मिळवावे लागतात. शेवटची पाने, म्हणजे जाहिराती व शुद्धिपत्र, जागेवर असली तरी मधली पाने तपासल्याशिवाय प्रत पुरी मानता येत नाही.

खरी टंचाई मात्र वापरामुळे होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. घरोघरी आणि वाचनालयांत त्यांचा फडशा पडला, पण त्या जपून ठेवाव्यात असे कुणाला वाटले नाही. वाचनालयांत पुस्तक आले की पुठ्ठ्याची बांधणी होई. तीत मुखपृष्ठ जाई, कडा कापल्या जात, पानापानावर शिक्के बसत. आज संग्राहकाला हवे असते नेमके ते चित्रमय मुखपृष्ठ. शालेय क्रमिक पुस्तके, नाटकाची पदे असलेली चोपडी, पंचांगे यांचीही तीच गत झाली. त्यातच लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडून घडीवर तुटतो. हातकागदावरची जुनी पोथी कसर आणि वाळवी यांपासून वाचली, तर त्याहून बरी टिकते.

दुसरे कारण म्हणजे मुळातच कमी प्रती. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यात ५०० प्रतींत निघाला आणि पुढे जवळजवळ विसरला गेला. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला, तेव्हा कुठे मूळ प्रतीचे मोल लोकांच्या लक्षात आले. लघुनियतकालिकांचे, म्हणजे लेखकांनी स्वतः काढलेल्या छोट्या नियतकालिकांचेही असेच. १९५४ पासूनचे सायक्लोस्टाइल केलेले ‘शब्द’चे अंक मोजक्या मंडळींत फिरले, आता त्यांतला एक सुटा अंक मिळाला तरी संग्राहक खूश असतो. दिवाळी अंकांना मागणी येते ती बऱ्याचदा मजकुरापेक्षा दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांसाठी. हे अंक अखंड मिळणे कठीण, कारण चित्रे फाडून भिंतीवर लावायची रीत घरोघरी होती.

या व्यापाराचे मूळ रद्दीत आहे. जुना वाडा पाडायला निघतो, आजोबांची कपाटे रिकामी करायची असतात, आणि पुस्तके किलोच्या भावाने जातात. रद्दीवाला त्यातली बरी दिसणारी बाजूला काढून पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत फाउंटन, माटुंग्याच्या पदपथावरच्या विक्रेत्यांना देतो. विक्रेत्याकडे ठराविक गिऱ्हाइकांच्या याद्या असतात. चांगला माल पदपथावर येण्याआधीच परस्पर जातो. दर ठरीव नाहीत. घासाघीस चालते, आणि आपली गरज चेहऱ्यावर दिसू न देणे हे कसलेल्या संग्राहकाचे पहिले कसब. मराठी पुस्तकांचे लिलाव जवळजवळ होतच नाहीत, त्यामुळे ‘बाजारभाव’ हा शब्द इथे जपूनच वापरावा.

पुस्तक पुन्हा का छापले जात नाही, याचे एक उत्तर कायद्यात आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो; वारस सापडत नाहीत किंवा त्यांचे एकमत होत नाही, आणि पुस्तक अडकून पडते. दुसरे उत्तर हिशेबाचे : हजार-अकराशे प्रती खपायला वर्षे लागत असतील तर प्रकाशक जोखीम घेत नाही. तरीही पुण्याच्या वरदा बुक्ससारख्या प्रकाशकांनी जुनी पुस्तके सातत्याने पुन्हा काढली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती १९७५ मध्ये पुनर्मुद्रित झाली. राज्य मराठी विकास संस्थेने कित्येक दुर्मीळ ग्रंथ संगणकावर खुले केले. पुनर्मुद्रण झाले की केवळ वाचायला पुस्तक हवे असणारे गिऱ्हाईक बाजूला होते आणि दर उतरतो.

अभ्यासकाची गरज मात्र नव्या आवृत्तीने भागेलच असे नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि त्यानंतर नव्याने जुळवलेल्या बहुतेक आवृत्त्यांत जुने लेखन बदलून टाकलेले आढळते. ‘घरीं’, ‘नांव’ असे लेखकाने छापले होते की नाही, हे पाहायला मूळ प्रत किंवा तिची छायाप्रतच लागते.