पोतनिर्मिती, ॲक्रिलिक चित्रणातील

ॲक्रिलिक रंगात वाळू, लाकडाचा भुसा, सूत, कागद असे रोजच्या वापरातील पदार्थ मिसळून, किंवा ओल्या थरावर गोणपाट, फणी इत्यादी दाबून, चित्रपृष्ठ उंचसखल करण्याची पद्धती.

तिच्या उगमाविषयी मतभेद आहेत. रंगात वाळू मिसळण्याचे श्रेय सामान्यतः फ्रेंच चित्रकार झॉर्झ ब्राक यास (सु. १९१२) दिले जाते. मेक्सिकन भित्तिचित्रकार सिकेरोस याने १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथील कार्यशाळेत औद्योगिक रंगांवर केलेले प्रयोग अधिक निकटचे मानावेत, असे दिसते. मात्र ते रंग ॲक्रिलिक नसून नायट्रोसेल्युलोजचे (मोटारींच्या रंगलेपात वापरल्या जाणाऱ्या द्रव्याचे) होते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग चित्रकारांना १९५० च्या दशकाच्या मध्यास उपलब्ध झाले, म्हणजे पोताची कल्पना माध्यमाहून जुनी ठरते. खानदेशाच्या सीमेलगतच्या अजिंठा लेण्यांतील गिलाव्यात माती, तूस व वनस्पतींचे तंतू आढळतात आणि धाब्याच्या घरांच्या भिंतींनाही माती व भुशाचाच गिलावा असे; तथापि अजिंठ्यास तो चुन्याच्या पातळ लेपाने गुळगुळीत केलेला असल्याने त्याचा हेतू उलट होता आणि थेट परंपरा जोडणे धाडसाचे होईल.

ॲक्रिलिकमधील पाणी उडाले की राळेचे (रंगकण बांधून ठेवणाऱ्या द्रव्याचे) कण एकमेकांत मिसळून लवचीक, पाण्यात पुन्हा न विरघळणारा पापुद्रा बनतो व मिसळलेला पदार्थ त्यात पक्का धरला जातो. जळगाव-भुसावळकडील उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जात असताना जाड थराचा वरचा भाग लवकर आवळतो, आतला ओला राहतो आणि तडे जातात. म्हणून पातळ थर एकावर एक देणे, प्रत्येक थर पूर्ण सुकू देणे आणि ताणलेल्या कापडाऐवजी प्लायवूड वापरणे श्रेयस्कर. तापीची वाळू चाळून, धुऊन, वाळवून घ्यावी. कापूस, केळीच्या खांबाचा धागा व भुसा हे राळ शोषून घेतात. ते आधी पातळ ॲक्रिलिक माध्यमात (रंगाविना नुसत्या राळेच्या द्रवात) भिजवले नाहीत तर रंग भुसभुशीत होतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांतच घट्ट होत असल्याने थोडेथोडेच कालवावे. फेविकॉलसारखा पांढरा डिंक स्वस्त पडतो, पण दमट हवेत मऊ पडतो. ओल्या रंगावर मीठ टाकून उठणारे ठिपके जलरंगात जितके उमटतात तितके येथे उमटत नाहीत, आणि खडे झटकले नाहीत तर ते ओल ओढत राहतात.

खाचांत धूळ साचत असल्याने शेवटी वार्निशचा हात द्यावा. नंतर मऊ कुंचल्याने झटकणे पुरते.